आठ पावलांचं माजघर

"वत्सला, रविवारी सकाळी तुझे आई-वडील दोघंही घरी असतात ना?"

काळसेकर बाईंनी हे विचारलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी उत्तर द्यायला उशीर केला. एरवी बाईंचा प्रश्न संपायच्या आत माझं उत्तर संपलेलं असे. प्रश्न दुसऱ्या मुलीला असला तरी.

"असतात बाई. पण दोघं एकदम नसतात."

"म्हणजे?"

"म्हणजे घरातच असतात. पण अण्णा बाहेरच्या खोलीत आणि आई स्वयंपाकघरात."

"असं तर सगळ्यांच्याच घरी असतं," बाई म्हणाल्या.

हे ऐकून मला फार हायसं वाटलं. सगळ्यांच्या घरी असं असतं का, हे मला बरेच दिवस कुणाला तरी विचारायचंच होतं.

या गोष्टीला आता साठ वर्षं होत आली. माणदेशातलं एक तालुक्याचं गाव, मुलींची मराठी शाळा आणि चौथीचा वर्ग. काळसेकर बाई त्या वर्षी रत्नागिरीकडून नव्या आल्या होत्या. ट्रेनिंग कॉलेजातून त्या दोन गोष्टी घेऊन आल्या होत्या, एक छत्री आणि एक जाड वही. आमच्या गावी छत्रीचा काही उपयोग नव्हता. वहीत मात्र प्रत्येक मुलीला एक पान होतं. पानाच्या डाव्या बाजूला 'स्वभाव' आणि उजव्या बाजूला 'घरचे कारण'. बाईंचं म्हणणं असं, की मूल वर्गात जसं वागतं त्याचं कारण घरी असतं. घरी दडपण असलं की मूल बुजतं, घरी मोकळेपणा असला की धीट होतं. डावी बाजू त्यांनी जूनमध्येच भरून टाकली होती. उजवी भरायला घरोघर जायचं होतं, आणि दिवाळीची सुटी आठ दिवसांवर आली तरी ती कोरीच होती.

पहिल्या रविवारासाठी त्यांनी दोन पानं निवडली, माझं आणि फुलाचं. माझ्या पानावर आधी 'वाचाळ' लिहिलेलं होतं, ते खोडून 'धीट' केलं होतं. फुलाच्या पानावर 'बुजरी' होतं. ते खोडायची वेळ आली नव्हती.

फुला यमगर माझ्या शेजारी बसायची. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तिनं वर्गात एक शब्द उच्चारला नव्हता. हजेरीला हात वर करायची. कविता म्हण म्हटलं की उभी राहायची आणि बस म्हणेपर्यंत उभीच राहायची. रडायची नाही, घाबरायची नाही, नुसतीच बघायची. एकीचं थोडं दुसरीला लागेल म्हणून बाईंनी आम्हाला एका बाकावर बसवलं. लागलं काहीच नाही. पण मला एक अशी जागा मिळाली, की जिथे काहीही सांगितलं तरी ते तिथेच राहतं. विहिरीत ओरडलं तर निदान आवाज परत येतो. फुलाकडून तेवढंही येत नसे. मी तिला सगळं सांगितलं होतं. घरच्या रितीसकट.

आमच्या घरी बोलायची एक रीत होती. आईला अण्णांशी बोलायचं असलं की ती मला बोले, आणि अण्णांना आईशी बोलायचं असलं की तेही मला बोलत. आमचं घर म्हणजे भाड्याच्या एका ओळीतल्या तीन खोल्या. पुढची अण्णांची, मागची आईची आणि मधलं माजघर माझं. माजघर माझ्या पावलांनी आठ पावलं होतं.

ही रीत पडली ती पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबापायी. आईच्या माहेरून आलेला बंब अण्णांनी आत्याकडे लग्नकार्याला दिला, आईला न विचारता. लग्न झालं, त्या नवरीला मूल झालं, त्याचं बारसं झालं, बंब तिकडेच. आई म्हणाली, "एका शब्दानं विचारलं नाहीत. आता मीही एका शब्दानं बोलणार नाही." अण्णा म्हणाले, "ठीक आहे." त्यानंतर दीड वर्षात ते एकमेकांशी बोलले नव्हते.

सुरुवातीला मी निरोप जसेच्या तसे पोचवत असे. "सांग त्यांना, पाणी तापलंय." "विचार तिला, टॉवेल कुठाय." पण एकदा अण्णा म्हणाले, "तिला सांग, आमटीत मीठ नाही." आई म्हणाली, "सांग, तोंडाला चव नसली की मीठ लागत नाही." अण्णा म्हणाले, "सांग, तोंडाची चव कशानं गेली ते मला माहीत आहे." त्या एका आमटीपायी मी अकरा खेपा घातल्या. बाराव्या खेपेला मी माजघरात थांबले आणि आत जाऊन सांगितलं, "अण्णा म्हणतात, आमटी छान झालीय." हा पहिला बदल मी पाय दुखत होते म्हणून केला. कुणाचं भलं करायचा विचार त्यात नव्हता.

आई थोडा वेळ पळी हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "अजून हवी का विचार."

मग मला गोडी लागली. आई म्हणे, "विचार त्यांना, आज कचेरीतच मुक्काम होता की काय?" मी बाहेर जाऊन सांगे, "आई म्हणते, उशीर झाला, दमला असाल." अण्णा वर्तमानपत्राआडून म्हणत, "सांग, दमलो नाही." हे मला फारच कोरडं वाटे. मी आत सांगे, "अण्णा म्हणतात, तुझ्या हातचा चहा मिळाला की दमणूक जाईल." आई चहा करी. वेलदोडा घालून. आठ पावलांत वाक्य उलटं करून ते शोभेल असं बसवायचं, ही काही सोपी गोष्ट नव्हे. अशी रोज पंधरा-वीस वाक्यं. वर्गात माझं तोंड बंद राहायचं नाही, त्यात माझा काय दोष.

पण दिवाळीच्या आधी आई एक वाक्य बोलली. ती कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, "त्यांना सांग, सुटी लागली की मी तुला घेऊन विट्याला दादाकडे जाते आहे. परत यायचं की नाही ते तिथे ठरवीन."

माजघरात मी त्या दिवशी जितका वेळ उभी राहिले तितका कधीच राहिले नव्हते. मग बाहेर जाऊन म्हणाले, "आई म्हणते, दिवाळीला विट्याला मामाकडे जाऊ. तुम्हीही चला."

अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "काय म्हणाली?"

"तुम्हीही चला."

"असं म्हणाली?"

"हो."

"सांग, बघतो."

हे काही आईला सांगता येण्यासारखं नव्हतं, तिनं बोलावलंच नव्हतं. आणि पहिल्यांदाच मला दुसरं काही सुचेना. मी आत जाऊन म्हटलं, "अण्णा काही बोलले नाहीत."

"काहीच?"

"काहीच."

आईनं संध्याकाळी माळ्यावरची ट्रंक काढली. आपली चार लुगडी घातली, माझे सगळे कपडे घातले. उन्हाळ्यातलेसुद्धा. तिकडे अण्णांनी कचेरीत रजेचा अर्ज टाकला, हे मला त्यांच्या शिपायाकडून कळलं. एकाच घरात एक माणूस सोडून जायची तयारी करत होतं आणि दुसरं त्याच्याच बरोबर जायची. हे फक्त मला माहीत होतं. मला आणि फुलाला.

आता बाई येणार म्हणजे आई चहा घेऊन बाहेर येणार. दोघं एका खोलीत, मधे माजघर नाही. दीड वर्षाचं माझं सगळं काम एका घोटात उघडं पडणार, आणि मग आई कायमची विट्याला जाणार, ती माझ्यामुळे. मी ठरवलं, बाईंना आधी फुलाच्या घरी न्यायचं आणि होईल तितका वेळ तिथेच बसवायचं.

फुलाचं घर गावाच्या टोकाला, गुरांच्या बाजाराच्या मैदानाला लागून होतं. तिचे वडील बिरूतात्या जनावरांच्या बाजारातले दलाल. आम्ही अंगणात शिरलो तेव्हा घरात पाच माणसं होती आणि आवाज एकाचाही नव्हता. बिरूतात्यांनी मान हलवली, फुलाच्या आईनं, साळूमावशीनं, घोंगडं अंथरलं, थोरल्या भावानं पाणी आणलं. सगळं मुक्यानं.

बाई माझ्या कानाशी लागल्या. "बघितलंस? केवढं दडपण आहे घरात."

मग त्या बिरूतात्यांना म्हणाल्या, "फुला वर्गात अजिबात बोलत नाही. घरी तुम्ही तिला रागावता का?"

बिरूतात्यांनी बराच विचार केला. "कशापायी रागवू? ती कुटं काय बोलतीय?"

"मग घरात बोलतं कोण?"

"लागंल तवा बोलतो की."

"कधी लागतं?"

त्यांनी साळूमावशीकडे बघितलं. तिनं आठवून सांगितलं, "म्हस सुटली हुती तवा बोललो न्हाई का. श्रावणात."

"व्हय व्हय," बिरूतात्या म्हणाले. "लई बोललो त्या दिशी."

आणि ते दोघं हसायला लागले. त्यांच्या मागं पोरं हसली, फुलाही हसली. बाईंनी उघडलेली वही तशीच मांडीवर ठेवली. दडपणाखालची माणसं अशी हसतात असं कॉलेजात शिकवलं नसावं.

"आमचा धंदाच त्वांड मिटायचा, बाई," बिरूतात्या म्हणाले. "घेणाऱ्याचा आकडा येगळा, देणाऱ्याचा येगळा. म्या मधी. चारचौघांत आकडा त्वांडातनं काढला की झाली मारामारी. म्हणून रुमालाखाली हात घालायचा आन् बोटं दाबायची. पोरं आमची बोलायच्या आधी बोटं शिकली."

"मला दाखवाल?"

बाईंचा हात धरायचा म्हणताच बिरूतात्या घोंगड्यावर एक वीत मागं सरकले. "पोरगी दाखवंल की."

फुला उठली. बापाच्या खांद्यावरचं उपरणं घेऊन तिनं बाईंच्या आणि आपल्या हातावर टाकलं.

"एक बोट म्हंजी एक," बिरूतात्या सांगू लागले. "पंजा म्हंजी पाच. मूठ म्हंजी पूज्य. आधी म्होरला आकडा, मग मागला. इचारा काय बी."

"आठ साते?" बाईंनी विचारलं.

उपरणं हललं. बाई पुटपुटल्या, "पाच... मग पाच आणि एक... छप्पन्न." त्यांचा चेहरा उजळला. "बारा नवे?"

"एक... मूठ... पाच आणि तीन. एकशे आठ." बाई घोंगड्यावर सरसावून बसल्या. त्यांनी तेराचा पाढा विचारला, सतराचा विचारला, अडीचकी विचारली. मला आनंद झाला, कारण वेळ छान चालला होता. तेवढ्यात त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांची मान हळूहळू माझ्याकडे वळली.

"वत्सला, कालचा सतराचा पाढा तू घडाघडा म्हटलास."

"हो बाई."

"तेव्हा तुझा हात कुठे होता?"

"बाकाखाली, बाई."

"आणि फुलाचा?"

"तिथेच, बाई."

फुलानं उपरणं झटकून बापाच्या खांद्यावर टाकलं आणि जागेवर जाऊन बसली. बाईंनी वहीतला 'बुजरी' शब्द खोडला आणि त्या जागी काय लिहावं हे न सुचून पेन्सिल तशीच धरून ठेवली.

आता त्या उठतील म्हणून मी घाईनं बिरूतात्यांना विचारलं, "तात्या, दलालानं एकाला एक आकडा सांगितला आणि दुसऱ्याला दुसरा, तर?"

"सांगतूच की. थोडं हिकडं, थोडं तिकडं. त्येच्याबिगर सौदा हुतो व्हय?"

"मग खरं कधी सांगायचं?"

"दोन्ही आकडे जवळ आलं की रुमाल काढायचा."

"आणि नाहीच काढला तर?"

बिरूतात्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "तर जनावर दलालाच्या दारात बांधल्यालं ऱ्हातं, पोरी. आन् वैरण त्येलाच घालावी लागती."

ताक आलं, ते प्यायलो. मी दुसरा पेला मागितला, तोही संपला. तिसरा मागणार तेवढ्यात बाईंनी चपला घातल्या. बिरूतात्यांनी फुलाला मानेनं खुणावलं, बाईंना पोचवून ये.

आमच्या दाराशी आल्यावर मी शेवटचा उपाय केला. "बाई, आई बहुतेक बाहेर गेलीय."

त्याच वेळी आत फोडणी चुरचुरली.

अण्णा खुर्चीतून उठले, सदऱ्याची वरची गुंडी लावली. "या, या. वच्छे, आईला सांग, बाई आल्यात." हा निरोप मी जसाच्या तसा पोचवला. जवळजवळ वर्षभरात तसा तो पहिलाच.

आई पोहे आणि चहा घेऊन आली आणि माजघराच्या उंबऱ्यातच उभी राहिली.

"तुम्हीही बसा ना," बाई म्हणाल्या.

पाहुण्या बाईंसमोर नाही म्हणता येईना. आई खाटेच्या एका टोकाला टेकली. दुसऱ्या टोकाशी खुर्चीत अण्णा. बाई मधे, आणि आम्ही दोघी खाली चटईवर. ही दोन माणसं एका खोलीत बसलेली मी इतक्या दिवसांनी बघत होते, की दोघांची उंची मला जरा निराळीच वाटली.

"वत्सला वर्गात फार बोलते," बाईंनी सुरुवात केली. "तक्रार नाही हं. मला फक्त कारण जाणून घ्यायचंय. ती सांगते, आमच्या घरी सारखं बोलणं चालू असतं."

"असतं," आई म्हणाली. "तिचंच."

"तुम्ही दोघंही तिच्याशी मोकळेपणानं बोलता?"

"तिच्याशीच बोलतो," अण्णा म्हणाले.

"वा. हेच तर हवं असतं." बाईंनी समाधानानं वहीत लिहिलं. मी पोह्यांच्या बशीत डोकं खुपसलं. वाटलं, निभावलं. मग बाई सहज म्हणाल्या, "दिवाळीच्या सुटीवर निबंध द्यायचाय मुलींना. तुम्ही कुठे जाणार आहात का?"

"हो," अण्णा म्हणाले. "तिघंही विट्याला, हिच्या मामाकडे. माझी रजासुद्धा मंजूर झाली."

आईच्या हातातली बशी वाजली. तिनं अण्णांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"वच्छे, त्यांना विचार, तुम्हाला कोणी बोलावलं?"

बाई दचकल्या. अण्णा चार हातांवर बसले होते आणि ते वाक्य त्यांनी, बाईंनी, फुलानं, सगळ्यांनी ऐकलं होतं. पण मला सवय होती. मी उठले, अण्णांकडे तोंड केलं आणि म्हणाले, "आई विचारते, चहात साखर बरोबर आहे का?"

अण्णांचा कप ओठांपाशी तसाच राहिला.

"अगं," बाई हळूच म्हणाल्या, "आई असं नाही म्हणाली."

मी तोंड उघडलं. आत काही नव्हतं. दीड वर्षात हजारो वाक्यं बनवलेली मी, एक साधं 'चुकले' मला बनवता येईना. आणि तेव्हा माझ्या शेजारून एक आवाज आला, जाडसर, बापासारखा, अजिबात न घाबरलेला.

"ती असंच करती. सबूद मधी बदलती."

बाई फुलाकडे वळल्या. ज्या आवाजासाठी त्यांनी पाच महिने धडपड केली होती तो हा, आणि त्यांना आनंद करायलासुद्धा सवड नव्हती.

"आमटी छान झाली, ते बी हिचंच," फुला पुढे म्हणाली. तिला काही थांबायचं कारण दिसत नव्हतं. "दमला असाल, ते बी हिचं. आई सोडून जाती म्हणाली, आन् हिनं सांगितलं, तुमी बी चला. बाप बघतो म्हणला, आन् हिनं सांगितलं, कायबी बोलला न्हाई."

एवढं बोलून ती पुन्हा पोहे खाऊ लागली.

मी आईच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. अण्णांनी कप खाली ठेवला. मग ते बाईंना म्हणाले, "बाई, तिला सांगा, ही निरोप बदलते हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माझी बायको मला 'दमला असाल' म्हणाली, तेव्हाच कळलं. दहा वर्षांत कधी म्हणाली नव्हती."

बाई आईकडे वळल्या.

"ऐकलं मी," आई म्हणाली. "त्यांना सांगा, मलाही माहीत होतं. ह्यांचं कौतुक म्हणजे 'बरी आहे'. ह्यांच्या तोंडी 'छान' कसं येईल?"

"मग बाई, तिला विचारा, गप्प का बसली?"

आई फटकन अण्णांकडे वळली. "तुम्ही का बसलात?"

हा निरोप नव्हता. तो थेट गेला होता, मधे कुणाला न लागता. अण्णांनी सदऱ्याची वरची गुंडी चाचपली.

"ऐकायला बरं वाटायचं."

आईनं पदर सारखा केला. बराच वेळ केला. "मलाही वाटायचं," ती म्हणाली. "म्हणून तर इतके दिवस ओढले. पण विट्याचं मी खरंच म्हटलं होतं. जाणार, आणि परत यायचं की नाही ते तिथे ठरवणार. ते हिचं नाही, माझं आहे. तुम्ही काहीच बोलला नाहीत असं ही म्हणाली. ते खरं धरलं मी. तेवढंच एक तुमच्या तोंडचं वाटलं."

अण्णा खुर्चीत पुढे सरकले. "मला बोलावणं आलं होतं," ते म्हणाले. "खोटं असणार असं वाटलंच. म्हणून आधी रजा मंजूर करून घेतली. म्हटलं, मंजूर झालेल्या रजेला कोणी नाही म्हणत नाही."

"हे कचेरीत चालतं."

"मला तेवढंच येतं."

"बंब द्यायच्या आधी आलं असतं तर बरं झालं असतं. मला एक अर्ज करायचा होतात."

"बंबाचं आता काढू नकोस."

"का नको? दीड वर्ष पोटात ठेवलंय मी."

बाई कप-बशी हातात घेऊनच उठल्या. त्यांनी आम्हा दोघींना मानेनं खुणावलं आणि आम्ही तिघी बाहेर पायरीवर येऊन बसलो. आतला आवाज वाढत होता. बंब, आत्या, आत्याची नणंद, बंबाची तोटी, माझ्या बारशाला आत्यानं आणलेलं विटकं कुंची-टोपडं. एका बंबाखाली किती काय काय साठलं होतं ते मला तेव्हा कळलं.

"हे असं रोज चालतं का?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई. आज पहिल्यांदाच."

"तुमच्या बहिणीचं घर भरायला माझ्या माहेरानं भांडी दिली नव्हती," आतून आई म्हणाली. माझं डोकं आपोआप कामाला लागलं. आई विचारते, आत्या बऱ्या आहेत ना? मी उठले. एवढं एक वाक्य नीट करून आले असते, तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

फुलानं माझ्या परकराचा घोळ धरला. "बस की."

"अगं, ती जाईल विट्याला."

"बस. त्येंचं त्येंना बोलू दे."

तिचा हात चांगलाच जड होता. मी बसले. दीड वर्षात पहिल्यांदा मी नुसती ऐकत होते, आणि ते फार अवघड काम होतं. प्रत्येक वाक्य जसं निघे तसंच जाऊन लागत होतं. ते कुणी पुसत नव्हतं, त्याला वेलदोडा लावत नव्हतं. फुला शांतपणे माझ्या परकराचा काठ धरून बसली होती. वर्गात बसायची तशीच.

मग अण्णांचा आवाज आला. "जरा हळू घे. दीड वर्ष झालं, भांडायची सवय राहिली नाही मला."

आत सगळं थांबलं. बाई दाराकडे वळल्या. मीही.

"रजा किती दिवसांची मिळालीय?" आईनं विचारलं.

"सहा."

"आठ घ्या. भाऊबीज करून निघू."

"अर्ज बदलावा लागेल."

"बदला मग."

बाईंनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, मी आनंदानं गप्प बसलेय. आनंद होताच. पण आतल्या त्या पाच वाक्यांत एकही माझं नव्हतं, आणि खरं सांगते, त्याचा मला जरा रागच आला.